पोहताना दम का लागतो?

वैशाख तापू लागला की दवाखान्यात पाण्याचे रुग्ण वाढतात. कान ठणकणारी मुले, पोटावर सपाट पडून लाल झालेले तरुण, आणि अधूनमधून एखादे वयस्कर गृहस्थ. अशाच एका शिक्षकांची हकीकत आज सांगतो. वय ४६. शेतातल्या विहिरीत सातव्या वर्षी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेले. सूर मारण्यात, तळाची माती वर आणण्यात गावात पहिला नंबर. सुट्टीत ते पुण्याला भावाकडे गेले आणि हौसेने तिथल्या तरणतलावात उतरले. पंचवीस मीटरची एक फेरी कशीबशी झाली आणि पुढची पाच मिनिटे काठ धरून धापा टाकत राहिले. शेजारच्या पट्ट्यात साठीच्या एक बाई न थांबता, सावकाश, येरझारा घालत होत्या.

सर घाबरले. पाचोऱ्याला परतल्यावर थेट दवाखान्यात आले. "डॉक्टर, छातीचा फोटो काढून घेऊ का? आम्ही विहिरीतली माणसे, एका फेरीत दम लागतो म्हणजे काहीतरी बिघडले असणार." वय लक्षात घेऊन कार्डिओग्राम काढला, रक्तदाब पाहिला, छाती तपासली. सगळे व्यवस्थित होते. मग विचारले, "पाण्यात तोंड घातल्यावर श्वास कधी सोडता?" सर हसले. "पाण्यात श्वास कोण सोडतो? धरून ठेवायचा, आणि मान वर काढली की सोडायचा आणि घ्यायचा."

दुखणे सापडले. ते हृदयात नव्हते, फुप्फुसातही नव्हते. पोहण्याच्या रीतीत होते. आपल्या भागात विहिरीत पोहायला शिकलेल्या बहुतेकांचे हेच होते, म्हणून हा विषय जरा विस्ताराने घेतो.

श्वास धरल्याने काय होते

आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपत आला म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ही घाई मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वायूमुळे होते. स्नायू काम करतात तसा हा वायू रक्तात साठतो, मेंदूतील श्वसनकेंद्राला त्याची वर्दी मिळते आणि 'आता श्वास घे' असा हुकूम सुटतो. पाण्यात श्वास कोंडून ठेवला की हा वायू बाहेर जायला वाटच राहत नाही. चार-पाच हात मारेपर्यंत छाती फुटेलसे वाटते. मग मान वर काढल्यावर त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात माणसाला दोन कामे करायची असतात, आधी जुनी हवा सोडायची आणि मग नवी घ्यायची. दोन्ही अर्धवट होतात. फुप्फुसे जुन्या हवेने भरलेलीच राहतात, नवी हवा वरवर आत जाते आणि दम लागतो.

उपाय अगदी साधा आहे. तोंड पाण्यात असेल तेवढा सगळा वेळ नाकातोंडातून हवा सावकाश सोडत राहायची. बुडबुडे सतत निघाले पाहिजेत. तोंड पाण्याबाहेर आले की फक्त घ्यायचे काम उरते आणि त्याला तेवढा वेळ पुरतो.

ऐकायला सोपे, पण अंगवळणी पडायला अवघड. वर्षानुवर्षांची सवय असते. यासाठी घरीच सराव करावा. घंगाळात किंवा पसरट टोपात स्वच्छ पाणी घ्यावे, समोर बसावे, तोंडाने श्वास घ्यावा, चेहरा कपाळापर्यंत पाण्यात बुडवावा आणि नाकातून 'हूं' असा आवाज काढत हवा सोडावी. आवाज चालू असेपर्यंत नाकात पाणी शिरत नाही, ही युक्ती मुलांनाही लगेच जमते. नंतर मान वर न उचलता एका कुशीला वळवावी, तोंडाने श्वास घ्यावा, पुन्हा चेहरा पाण्यात. असे वीस वेळा, सकाळ-संध्याकाळ. लहान मुले हा सराव करत असतील तर मोठ्या माणसाने जवळ बसावे, आणि झाल्यावर पाणी ओतून टाकावे. भरलेले घंगाळसुद्धा रांगत्या मुलाला धोक्याचे असते.

मान वर, पाय खाली

विहिरीतला पोहणारा मान वर काढून पोहतो. त्याला कारण आहे. वरून कोण उडी टाकतो आहे, पायरी कुठे आहे, कपार कुठे आहे, हे पाहावे लागते. त्यामुळे ही सवय चुकीची म्हणून हिणवण्याचे कारण नाही. बुडणाऱ्याकडे जाताना किंवा पुरात वाट काढताना मान वर हवीच. गंमत अशी की युरोपातही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असेच पोहत. इंग्लंडच्या जॉन ट्रजन याने १८७३ साली लंडनमध्ये दोन्ही हात पाण्यावरून फेकत, डोके उंच ठेवून पोहून दाखवले. ही रीत तो दक्षिण अमेरिकेतल्या लोकांकडून शिकला होता. आजची रीत त्यानंतर ऑस्ट्रेलियात घडली, आणि तिच्या जडणघडणीत सॉलोमन बेटांवरून सिडनीला आलेल्या अ‍ॅलिक विकहॅम या मुलाचा मोठा वाटा मानला जातो. तो बेटावर लहानपणी जसे पोहायचा तसेच सिडनीत पोहला. त्याचे डोके पाण्यालगत असे आणि पाय सारखे हलत असत. 'फ्रीस्टाइल' हे खरे तर स्पर्धेचे नाव आहे. तिथे कोणत्याही पद्धतीने पोहायला मोकळीक असते. हीच रीत सर्वांत वेगवान ठरल्याने सगळे तीच वापरतात, आणि शर्यतीचे नाव तिला चिकटले.

मान वर काढल्याने नुकसान कसे होते ते पाहू. पूर्वी पोहायला शिकताना कमरेला वाळलेले भोपळे बांधत. आपली छाती हाही हवेने भरलेला भोपळाच आहे. त्यावर शरीर तराजूसारखे तोललेले असते, एका बाजूला डोके आणि दुसऱ्या बाजूला जड पाय. डोक्याचे वजन सुमारे साडेचार-पाच किलो. ते पाण्यात ठेवले तर पाणी ते उचलून धरते. पाण्याबाहेर काढले की तो भार छातीवर पडतो, आणि तराजूचे दुसरे पारडे म्हणजे कंबर आणि पाय खाली जातात. मग माणूस आडवा न पोहता तिरपा पोहतो, म्हणजे पाण्याची भिंत अंगावर घेत ढकलत जातो. पाणी हवेपेक्षा जवळजवळ ८०० पट दाट आहे. त्यात वेग दुप्पट करायचा म्हटले तर अडथळा सुमारे चौपट होतो. म्हणून तिरप्या शरीराने जोर वाढवण्यात अर्थ नसतो. जोर वाढतो, दम जातो, अंतर तेवढेच राहते. पुण्याच्या त्या साठीच्या बाईंनी जोर लावलाच नव्हता, शरीर सपाट ठेवले होते.

तेव्हा नजर समोर न ठेवता तळाकडे, किंचित पुढे ठेवावी. पाण्याची रेघ डोक्याच्या टाळूपाशी यावी. मानेमागचा भाग सैल हवा. कुणी मागून पाहिले तर टाचा आणि बसण्याचा भाग पाण्याच्या पातळीला दिसले पाहिजेत. हे जमले की नाही ते बघण्यासाठी उथळ पाण्यात काठाला पायाने रेटा द्यावा, दोन्ही हात कानाला लावून पुढे ताणावेत आणि काही न करता बाणासारखे घसरत जावे. जेवढे लांब जाल तेवढे शरीर सपाट. या सरावाला तळाला पाय टेकतील असेच पाणी हवे.

श्वास घेताना मान उचलायची नाही. एका कुशीवर वळायचे, आणि ते मानेने न करता खांदे आणि कंबर एकदम फिरवून. पुढे जाणाऱ्या डोक्यासमोर पाण्याची लहानशी लाट उठते आणि गालाजवळ खळगा पडतो. तोंड त्या खळग्यात आले की हवा मिळते. एक डोळा पाण्यात, एक बाहेर, ही खूण. दोन्ही डोळ्यांना आकाश दिसत असेल तर जास्त वळलात.

हाताचे काम, पायाचे काम

पायाच्या जोरावर पोहता येते असे अनेकांना वाटते. यावर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण बोलके आहे. पेटकर सैन्यात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग अधू झाला. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. भारतासाठी पॅरालिम्पिकचे ते पहिले सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धडधाकट पायांच्या किती जणांना आज ३७ सेकंदांत ५० मीटर जाता येईल, हे तरणतलावावर घड्याळ लावून पाहावे.

या पद्धतीत पुढे नेण्याचे बहुतांश काम हातच करतात. पायांचे मुख्य काम शरीर सपाट ठेवण्याचे आणि तोल सांभाळण्याचे. मांडीचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. ते जोरात वापरले तर प्राणवायूचा मोठा वाटा तेच खातात. आमचे सर सायकल मारल्यासारखे गुडघ्यातून पाय झाडत होते. त्याने पाणी उडते, माणूस पुढे जात नाही. पाय खुब्यातून हलवावेत, गुडघा किंचित सैल, घोटा ढिला, पावले मागे ताणलेली, आणि हालचाल वीतभरच. शर्यतीत एका पूर्ण फेऱ्यात, म्हणजे उजवा-डावा हात मिळून, सहा वेळा पाय मारतात. लांब पोहायचे असेल तर दोन वेळा पुरेसे. घोटे ताठ असलेल्यांनी रोज मिनिटभर वज्रासनात बसावे. गुडघेदुखी असलेल्यांनी मात्र हे करू नये.

हाताचे सांगणे थोडे अवघड, पण पोहऱ्याने पाणी शेंदलेल्यांना पटकन कळेल. शेंदताना हात दोरावर पुढे जातो, दोर पकडतो आणि मग ओढतो. पकड बसण्याआधी ओढले तर हात नुसता घसरतो. पाण्यातही तसेच. खांद्याच्या सरळ रेषेत, बोटे आधी, हात पाण्यात शिरावा आणि पुढे लांबवावा. मग कोपर वरच ठेवून पंजा आणि मनगटाखालचा भाग तळाकडे वळवावा, जणू भिंतीवर चढताना कोपर भिंतीवर टेकवून हात पलीकडे सोडला आहे. ही झाली पकड. आता पंजापासून कोपरापर्यंतच्या सगळ्या पट्टीने पाणी मागे मांडीपर्यंत ढकलावे. नवशिके हात सरळ ठेवून पाणी खाली दाबतात. त्याने छाती क्षणभर वर उचलली जाते, पुढे सरकत नाही. बोटे घट्ट चिकटवण्याची गरज नाही, थोडी सैल असली तरी चालते.

प्रगती मोजायची तर घड्याळापेक्षा हात मोजावेत. पंचवीस मीटरला किती हात लागले ते लिहून ठेवावे. तेवढ्याच आरामात पुढच्या आठवड्यात दोन हात कमी लागले तर रीत सुधारते आहे. विहिरीत पोहणाऱ्याने या थारोळ्यापासून त्या थारोळ्यापर्यंतचे हात मोजावेत.

खांदा आणि कान

हौसेने एकदम रोज तासभर पोहणाऱ्यांना पंधरा-वीस दिवसांत खांद्याचे दुखणे सुरू होते. हात वर नेताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. खांद्याच्या हाडाखाली स्नायूंच्या दोऱ्या चिमटल्या जातात. बऱ्याचदा कारण रीतीतच असते. अंगठा आधी पाण्यात घालणे, हात डोक्यासमोरून पलीकडच्या बाजूला नेणे, आणि जन्मभर एकाच बाजूने श्वास घेणे. सराव करताना दर तिसऱ्या हाताला श्वास घ्यावा, म्हणजे डावी-उजवी आपोआप आलटून पालटून येते. दम अपुरा पडतो आहे असे वाटले तर दर दुसऱ्या हाताला घ्यावा, त्यात कमीपणा नाही. जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून, कोपर कमरेला चिकटवून, पंजा हळूहळू बाहेरच्या बाजूला ओढावा. पंधरा वेळा, दोन्ही हातांनी. खांद्याला पाण्यात उतरण्याआधीची ही तयारी फार उपयोगी पडते. दुखत असेल तर आधी विश्रांती. दुखण्यावर मात करून पोहण्यात पुरुषार्थ नाही.

कानात तेल घालून पोहू नये, आणि नंतर काडी किंवा पिन घालून तर मुळीच कोरू नये. डोके कलते करून पाणी निथळू द्यावे, कडा फडक्याने टिपाव्यात. कानाचा पडदा फाटलेला असेल, कान वाहत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाण्यात उतरू नये. फेफरे येणाऱ्यांनी एकट्याने कधीही पोहू नये. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी काठावर साखर किंवा गोळ्या ठेवाव्यात आणि सोबतच्याला तसे सांगून ठेवावे. उलट गुडघे झिजलेल्यांना पाणी हे वरदान आहे. छातीभर पाण्यात उभे राहिले तरी निम्म्याहून अधिक भार पाणी उचलते.

मुलांची पैज

श्वासाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट पालकांनी घरी मुलांना नीट समजावून सांगावी. विहिरीत पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज दर उन्हाळ्यात लागते. एखादा हुशार मुलगा बुडी मारण्याआधी दहा-पंधरा वेळा भराभर खोल श्वास घेतो, आणि खरेच जास्त वेळ खाली राहतो. यात मृत्यूचा सापळा आहे. भराभर श्वास घेतल्याने शरीरात प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे 'वर ये' अशी वर्दी देणाराच गैरहजर होतो. मुलाला घुसमट जाणवत नाही, प्राणवायू मात्र संपत जातो, आणि मेंदूला तो कमी पडताच पाण्याखाली शुद्ध हरपते. धडपड नाही, हात वर येणे नाही, ओरडणे नाही. काठावरच्यांना वाटते की गडी पैज जिंकतो आहे. उत्तम पोहणारी मुले अशा रीतीने जातात, कारण न येणारे ही पैज लावतच नाहीत.

म्हणून ही पैज बंद. भराभर श्वास घेऊन बुडी कधीच नाही. विहिरीच्या कठड्याला किंवा झाडाला एक दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम बांधलेली असावी. बुडणाऱ्याकडे आधी दोर, ट्यूब, काठी, काहीही फेकावे. शिकलेला नसताना उडी टाकून एकाचे दोन करू नयेत. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये, उलटे टांगू नये. तोंडाला तोंड लावून श्वास देणे आणि मग ३० वेळा छाती दाबून दोन श्वास, हा क्रम लगेच सुरू करावा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. ही कृती कुणी शिकवत असेल तर जाऊन शिकून घ्यावी, वाचून हाताला वळण लागत नाही.

फ्रीस्टाइलचा सराव नदीत करू नये. गिरणेला आवर्तन सुटले की पाणी गुडघाभर दिसते, पण वाळू उपसलेल्या जागी अचानक पुरुषभर खड्डा लागतो. पाणी स्थिर, तळ माहीत असलेला, आणि काठावर पोहता येणारा सोबती, या तीन गोष्टी असतील तिथेच.

आमच्या शिक्षकांनी घंगाळाचा सराव तीन आठवडे नेटाने केला. घरच्यांनी चेष्टा केली, नातू तर 'आजोबा हूं करतात' म्हणून शेजाऱ्यांना बोलावून आणायचा. पुढच्या सुट्टीत ते पुन्हा त्याच तलावात उतरले. पहिल्या दिवशी पंचवीस मीटरला ३४ हात लागले आणि धाप नेहमीपेक्षा कमी. दहाव्या दिवशी २७ हात, आणि चार फेऱ्या न थांबता. परवा भेटले तेव्हा एक तक्रार होती. "डॉक्टर, उजवीकडून श्वास घेताना ठीक आहे, डावीकडे वळलो की नाकात पाणी जाते." कारण विचारले तर तेच निघाले. नव्या बाजूला वळताना धास्तीने ते 'हूं' मध्येच थांबवत होते. तोंड पाण्याबाहेर पडेपर्यंत बुडबुडे चालू ठेवायला सांगितले आहे, आणि डाव्या बाजूसाठी पुन्हा आठवडाभर घंगाळ.